सी भाषेत गडगा नसतो

"काका, तेवीस चुका दाखवतोय. आणि मी लिहिल्यात फक्त चाळीस ओळी."

जुलैचा दुसरा आठवडा. लाइट सकाळी गेली होती ती अजून यायची होती. पुतणीच्या लॅपटॉपची बॅटरी एकोणतीस टक्क्यांवर आली होती आणि पागोळ्यांच्या आवाजावर तिला आवाज चढवावा लागत होता. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत या दिवसांत हाताला फारसं काम नसतं. आंबा केव्हाच संपलेला, यांत्रिक होड्या जूनच्या एक तारखेपासून जुलैअखेरपर्यंत बंद. माणसं भजनाला बसतात, नाहीतर जमिनीच्या जुन्या कागदांत डोकं घालतात. पुतणीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी नेमकी सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत केटी लागली होती, आणि मी पंचवीस वर्षं मुंबईत त्याच भाषेवर पोट भरून गावी परतलेला. त्यामुळे पडवीत आमची शाळा भरायची.

"पहिली वाच," मी म्हटलं. "उरलेल्या बावीस वाचूच नकोस."

पहिली चूक कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, पंधराव्या ओळीवर दाखवत होता. पंधरावी ओळ अगदी बरोबर होती. भानगड चौदाव्या ओळीत होती, तिथे एक महिरपी कंस जास्त मिटला होता. म्हणजे मेन फंक्शनचं, प्रोग्रामच्या मुख्य भागाचं, घर चौदाव्या ओळीला संपलं आणि पुढच्या सगळ्या ओळी भर पावसात खळ्यात उभ्या राहिल्या. मग प्रत्येकीने आपापली बोंब मारली. तो एक कंस पुसला, पुन्हा कंपाइल केलं, तेवीसच्या तेवीस गेल्या. पोरीने माझ्याकडे असं बघितलं जणू मी दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी नेमकं उलट झालं. एक कंस मिटायचा राहिला आणि कंपायलरने बोट ठेवलं एकसष्टाव्या ओळीवर, जिथे काहीच नव्हतं. फाइलच तिथे संपत होती. बिचारा वरपासून खालपर्यंत वाचत आला, कंस मिटेल, मिटेल म्हणून वाट बघत राहिला, आणि फाइल संपल्यावर त्याने हात वर केले. एसटी चुकली हे स्टँडवर गेल्यावर कळतं, पण ती चुकलेली असते घरून निघताना. नवशिक्याला हे कोणी आधी सांगत नाही. तो दाखवलेल्या ओळीकडे तासभर टक लावून बसतो, तिथलंच काहीतरी खोडतो, आणि एका चुकीच्या दोन करतो.

त्याआधीचे दोन दिवस बसवाबसवीत गेले होते, त्यावर जास्त लिहीत नाही. जीसीसी नावाचा सीचा कंपायलर उतरवून घेतला तरी विंडोज म्हणत होतं की या नावाची आज्ञा माहीत नाही. म्हणजे वाडीत माणूस राहायला आला, पण पोस्टमनच्या यादीत त्याचं घर नाही. ती यादी म्हणजे पाथ. त्यात जीसीसीच्या फोल्डरचा पत्ता घातला, तरी आज्ञा टाइप करायची जुनी काळी खिडकी ऐकेना, कारण तिने यादी उघडतानाच वाचलेली असते. ती बंद करून नवी उघडली तेव्हा चाललं. मग नोटपॅडने फाइलच्या नावामागे गुपचूप टीएक्सटी चिकटवलं होतं ते शोधण्यात एक दुपार गेली. आणि एकदा तर अर्धा तास ती आकडे बदलत होती आणि उत्तर तेच येत होतं. बदल करून ती पुन्हा कंपाइल करायलाच विसरत होती, जुनीच एक्झी फाइल, म्हणजे आधी कंपाइल होऊन निघालेला प्रोग्राम, चालवत होती. स्वयंपाकघरातून वहिनी ऐकत होती. तिला मी म्हटलं, घावन तव्यावरून उतरल्यावर पिठात मीठ घातलंस तर ताटातलं घावन खारट होईल का? ती म्हणाली, "नाय. पण पुढचा होयत." कंपाइल होणाऱ्या भाषेचं याहून बरं वर्णन मी शिकवायच्या पुस्तकांत वाचलेलं नाही.

कॉलेजात अजून टर्बो सी नावाचा जुना कंपायलर आहे. कॉलेजचं नाव कशाला घ्यायचं, एकटं तेच थोडं आहे? निळा पडदा, पिवळी अक्षरं, सुरुवातीला पडदा पुसायची आज्ञा, शेवटी एक कळ दाबायची वाट. हल्लीच्या ६४ बिटी विंडोजवर तो थेट चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या खोट्या जुन्या संगणकात बसवून चालवतात. गंमत म्हणजे टर्बो सी आणि जीसीसी दोघंही १९८७ सालचे. एक केव्हाच गोठून राहिला, दुसरा अजून दरवर्षी नवा होतो. पोरं पहिल्यावर शिकतात आणि नोकरीला लागल्यावर दुसऱ्यासमोर उभी राहतात. तक्रार जुन्याबद्दल नाही. पण जुन्यात चाललेलं नव्यात का चालत नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही, आणि ती बापडी स्वतःलाच मठ्ठ समजतात.

मीही समजलो होतो. १९९७ चा मे. मी शिकत होतो आणि मोठ्या हौसेने अण्णांसाठी पेट्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. घरी संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. लॅबमध्ये डॉट मॅट्रिक्सवर छापलेला, कडेला भोकं असलेला लांबलचक कागद गुंडाळून एसटीने घरी आणला. वाशीला गेलेल्या एका खेपेच्या ४० पेट्या, पेटीला ८५० रुपये दर. खाली एकूण रक्कम. छापला तेव्हा मी त्या आकड्याकडे बघितलंच नव्हतं.

अण्णांनी चष्मा लावला, कागद लांब धरला. उणे ३१,५३६.

"म्हणजे पेट्यो आमच्यो, आंबे आमचे, आणि पैशे पण आमीच देवचे?"

घरातले सगळे हसले. मी नाही हसलो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि कॉलेज सुरू झाल्यावर आठवडाभर मी त्या एका गुणाकाराशी झटत होतो. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला, म्हणजे इंटला, दोन बाइट जागा मिळते. त्यात मोठ्यात मोठा आकडा मावतो ३२,७६७. त्यापुढे एक मिळवला की घड्याळाचा काटा फिरून यावा तसा तो उणे ३२,७६८ वर जातो. हे कळायला दोन दिवस लागले. मग मी एकूण रकमेचा प्रकार बदलून लाँग केला, चार बाइटचा. तरी उणे ३१,५३६!

खरी शिकवण या दुसऱ्या फेरीत होती. ४० हा इंट, ८५० हाही इंट. दोन इंटांचा गुणाकार सी इंटच्या मापातच करते, आणि तो झाल्यावर उत्तर नेऊन लाँगमध्ये ठेवते. डबा कितीही मोठा आणा, माप आधीच सांडलेलं असतं. गुणाकार होण्याआधी दोघांपैकी एकाला तरी लाँग करावं लागतं. आणि तेवढं करून छापताना टक्क्यापुढे जुनंच अक्षर ठेवलं, तर छापणारा पुन्हा दोनच बाइट वाचतो. तिन्ही ठिकाणी दुरुस्ती केली तेव्हा ३४,००० उमटले. आज जीसीसीत इंट चार बाइटचा असतो, मर्यादा २,१४,७४,८३,६४७ ची. चाळीस पेट्यांत कोणी बुडणार नाही. पण तीन आठवड्यांपूर्वीच पुतणीने सरासरी काढताना ५ ला २ ने भागून २ मिळवले, आणि उत्तर दशांशाच्या डब्यात ठेवलं होतं म्हणून तिला ते २.५ हवं होतं. चूक तीच. फक्त आकडे लहान असल्यामुळे कोणाची अब्रू गेली नाही.

स्कॅनएफचं, म्हणजे टाइप केलेला आकडा आत घेणाऱ्या आज्ञेचं, दुखणं निराळं. तिथे चलाच्या, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याच्या, नावाआधी & लावायचं असतं आणि पहिल्या महिन्यात ते हटकून विसरलं जातं. मी तिला सांगितलं, ते चिन्ह म्हणजे पत्रावरचं मु. पो. आहे. स्कॅनएफला तुझी किंमत नको आहे, तुझा पत्ता हवा आहे, तिथे तो आकडा नेऊन टाकणार. & विसरलीस तर चलात जो काही कचरा आकडा पडलेला असेल, त्यालाच तो पत्ता समजतो आणि निघतो पाकीट घेऊन. बहुतेक वेळा त्या पत्त्यावर जायची परवानगीच नसते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम दारातच प्रोग्रामचा जीव घेते. यालाच लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात. तिला हे लगेच समजलं. आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, पत्त्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

आणि ते एंटरचं भूत. आधी आकडा विचारायचा, मग होय की नाही यासाठी एक अक्षर. प्रोग्राम आकडा घेतो आणि अक्षर न विचारताच पुढे पळतो. विचारलेलं असतं, पण आकड्यानंतर दाबलेलं एंटर रांगेत तसंच पडून असतं, आणि अक्षर म्हणून तेच उचललं जातं. गणपतीच्या आधी एसटीत चढावं आणि सीटवर आधीच कोणाचा तरी रुमाल असावा, तसं. टक्का-सीच्या, म्हणजे अक्षर मागणाऱ्या खुणेच्या, आधी एक मोकळी जागा सोडली की स्कॅनएफ आधी असले रुमाल झटकतो. एवढीशी मोकळी जागा, पण ती सापडेपर्यंत पोरांनी विषय सोडलेला असतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्समधून उचललेला कोड तर एकदाही कंपाइल होत नाही. तिथल्या अवतरणचिन्हांना सुबक वळण असतं. कंपायलरला लागतात सरळ, साधी. जुना जीसीसी अशा वेळी \३४२, \२०० असे आकडे ओरडून दाखवतो. ते त्या वळणदार चिन्हाचे बाइट असतात, तीन-तीन. हे समजावताना मी सहज म्हटलं, आपलं प्रत्येक देवनागरी चिन्हही यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचं असतं. तिने लगेच 'आंबा' शब्दाची लांबी मोजायला लावली. आ, अनुस्वार, ब, काना. चार त्रिक बारा.

"काका! एक आंबा म्हणजे डझन!"

मग तिचा तक्ता का वाकडा येत होता तेही उलगडलं. तिने नावाच्या रकान्याला पंधरा घरं दिली होती. 'हापूस' पाच चिन्हांचा, म्हणजे पंधरा बाइटचा. छापणारा प्रिंटएफ बाइट मोजतो, त्याच्या दृष्टीने रकाना भरला, त्याने एकही मोकळी जागा सोडली नाही. इंग्रजी नावांचे रकाने सरळ आणि आमच्या हापूसचा दर डावीकडे घुसलेला. यावर सीमध्ये सोपा उपाय नाही, आम्ही केलाही नाही. तक्ता तसाच वाकडा ठेवला.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती एक प्रोग्राम घेऊन आली तो थांबायलाच तयार नव्हता. बारा महिन्यांचा पाऊस साठवायला बारा कप्प्यांची रांग, आणि आधी सगळे कप्पे शून्य करायचे. लूप, म्हणजे मोजत मोजत तेच काम करणारा फेरा, शून्यापासून सुरू, मोजणाऱ्या चलाचं नाव आय, आणि अट लिहिली होती 'आय बाराहून लहान किंवा बारा'. सीमध्ये बारा कप्पे शून्य ते अकरा असे मोजतात, म्हणजे बारा नंबरचा कप्पा तिचा नव्हताच. पण या चुकीने प्रोग्राम अडकावा का? मी तोच कोड माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर चालवला. शहाण्यासारखा थांबला.

तिच्याकडे आय छापून बघितला. शून्य, एक, दोन... अकरा, बारा, एक, दोन, तीन... बारा, एक. बारानंतर तेरा नाही, एक.

मी दोन मिनिटं गप्प बसलो, मग बाहेर बोट दाखवलं. खळ्यापलीकडे आमच्या आणि शेजाऱ्यांच्या आवारात जांभ्याचा गडगा आहे. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसात तो मधेच ढासळला होता. आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांची गाय रोज येऊन आमच्या मांडवावरचं पडवळ खाऊन जात होती आणि वहिनी माकडांना शिव्या घालत होती. गडगा होता तेव्हा गाय तिथेच थांबायची. गडगा नाही तिथे गाईचं काय चुकलं?

सी भाषेत गडगा नसतो. तू बारा कप्पे मागितलेस, बारा दिले, त्यापुढची जागा दुसऱ्या कोणाची तरी आहे. तिथे पाय टाकलास तर भाषा हाक मारत नाही. तिच्या लॅपटॉपवर त्या बारा कप्प्यांना लागून जो चल राहत होता तो होता खुद्द आय. लूप बाराव्या नंबरच्या कप्प्यात शून्य लिहायला गेलं आणि ते शून्य पडलं आयमध्ये. मोजणीला आलेल्या सर्व्हेअरच्याच डोक्यात काठी घातली, तो सगळं विसरला आणि पहिल्या खुणेपासून पुन्हा मोजू लागला. माझ्या लॅपटॉपवर शेजारी दुसरं कोणी राहत होतं, म्हणून निभावलं. चूक दोन्हीकडे सारखीच होती.

ती बराच वेळ गडग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग हे भाषेतच का नाही घातलं?"

चांगला प्रश्न आहे, आणि पन्नास वर्षं तो विचारला जातोय. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली, तेव्हा ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी हवी होती आणि यंत्रं आजच्या मनगटी घड्याळापेक्षाही तोकडी होती. प्रत्येक पावलाला हद्द तपासायची चैन परवडत नव्हती. पुढे २०१५ मध्ये रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली, ती भाषा गडगे बांधूनच देते. हद्दीबाहेर गेलात की प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो आणि सांगतो की लांबी बारा, तुम्ही बारा नंबर मागितलात. रस्टचा कंपायलर जुन्या काळच्या आत्येसारखा आहे, कोणाची वस्तू कोणाकडे उसनी आहे आणि कधीपर्यंत, याचा हिशेब दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडत नाही. मला आवडतो. पण पहिली भाषा म्हणून कोणाला द्यावा की नाही, यावर माझं मत दर महिन्याला बदलतं.

सीलाही आता हंगामी गडगा घालता येतो. जीसीसीत २०१३ पासून ॲड्रेस सॅनिटायझर आहे. तो लावून कंपाइल केलं की प्रत्येक रांगेच्या दोन्ही बाजूंना मुद्दाम पडीक पट्टी सोडली जाते, आणि तिच्यावर पाय पडताच ओळ नंबरसकट पुकारा होतो. विंडोजवरच्या तिच्या जीसीसीत ते नव्हतं, म्हणून माझ्या लॅपटॉपवर करून दाखवलं. मघाशी शहाण्यासारखा थांबलेला प्रोग्राम पहिल्याच झटक्यात पकडला गेला. रोजच्यासाठी तिला 'वॉल' लावायची सवय लावली. त्याचा अर्थ सगळ्या वॉर्निंग दाखव, पण वाचताना ती भिंतच वाटते. नावात सगळ्या असल्या तरी सगळ्या दाखवत नाही हं, उरलेल्यांसाठी वेगळी 'एक्स्ट्रा' आहे.

त्या दिवशी वर्गमूळ काढणारा तिचा एक प्रोग्राम तिच्याकडे चालला आणि माझ्याकडे कंपाइल होऊनही जोडताना अडला. माझ्याकडे गणिताची लायब्ररी वेगळी सांगून जोडावी लागते. दशावताराच्या फलकावर राजाचं नाव आहे, पण राजा अजून कणकवलीच्या स्टँडवर आहे, असा प्रकार. फलक वाचतो तो कंपायलर, राजाला रंगमंचावर आणतो तो लिंकर.

साक्याची गोष्ट मात्र तिनेच काढली. घरी आंब्यांची प्रतवारी करताना लहानपणापासून बसलेली मुलगी. डाग, चीक उतरलेला, देठ तुटलेला, हे सगळं बाहेरून दिसतं आणि पेटीत जात नाही. साका दिसत नाही. आढीतून सोनेरी होऊन निघालेला, वासाला घमघमणारा आंबा कापावा आणि आत पांढरट, भुसभुशीत गर निघावा. "म्हणजे कंपायलर प्रतवारी करतो," ती म्हणाली, "पण कापून बघायचं आपणच." मग तिने प्रत्येक प्रोग्राम कापून बघायला सुरुवात केली. शून्य पेट्या दे, उणे पेट्या दे, आकड्याच्या जागी नाव दे. मी नोकरीत माझ्या हाताखालच्या पोरांना हे सांगून थकलो होतो.

चतुर्थीच्या आधी माळा झाडायला काढला तेव्हा अण्णांच्या हिशेबाच्या वह्या खाली आल्या, लाल कापडी बांधणीच्या. अण्णांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. पुतणी एकेक वही फडक्याने पुसत होती आणि दर वाचून हसत होती. १९९७ च्या वहीशी ती थांबली.

"काका, टर्बो सीत इंट किती बाइटचा म्हणालात?"

"दोन."

तिने मोबाइलवर काहीतरी केलं. "म्हणजे ६५,५३६ आकडे. ३४,००० मधून ६५,५३६ गेले... जमलं. तुम्ही मला सांगितलेलं ते हेच ना?"

तिने वही माझ्यापुढे धरली. अण्णांच्या ठसठशीत अक्षरात शाईने, पेट्या ४०, दर ८५०, एकूण ३४,०००. आणि शेजारी बारीक पेन्सिलीने: संगणक, उणे ३१,५३६. दलालास सांगू नये.